राग स्वभावात असतो की रक्तात? (बाबांनी काकांवर उभारी, म्हणजे बैलगाडीचा लाकडी दांडा, उचलली, त्यावरून)

काळी_माती | शुक्रवार, रात्री १०.२०

मंडळी, धागा काढू की नको यातच चार दिवस गेले. घरातलं असं चारचौघांत मांडायचं जिवावर येतं. पण इथं कास्तकारी घरातले बरेच जण आहेत आणि दोन-तीन जण या विषयात शिकलेलेही आहेत, म्हणून लिहितोच.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. साडेचार एकर वावर, त्यातलं दीड एकर ओलित. बाबा ५८ वर्षांचे. आम्हा भावंडांवर त्यांनी कधी हात उगारलेला मला आठवत नाही. बैलाला तुतारी (टोकदार काठी) टोचायच्या आधी शेपटीला हात लावून पाहणारा माणूस. त्या माणसानं पंधरा दिवसांपूर्वी सख्ख्या भावावर बंडीची उभारी उचलली. काकांच्या ट्रॅक्टरवाल्यानं रोटावेटर मारताना आमचा धुरा (बांध) दीड हात आत घेतला होता, तेवढंच कारण. उभारी काकांच्या खांद्यावर बसली. हाड वाचलं. पोलीस पाटलांनी मधे पडून प्रकरण ठाण्यापर्यंत जाऊ दिलं नाही, पण दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे आणि बाबा तेव्हापासून जेवत नाहीत नीट. आई फोनवर म्हणाली, "ते तुह्ये बाबाच नव्हते रे त्या वक्ती."

हेच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. कॉर्टिसॉलचे नमुने रोजचे नसले तरी आठवड्यातून काही माझ्या हातून जातात. सकाळी ८ च्या नमुन्यात साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर इतकं येतं, मध्यरात्रीच्या सुमारास ते अगदी तळाला असतं. धोका दिसला की आधी ॲड्रिनलिन येतं, सेकंदांत. छाती धडधडते, तळवे घामेजतात. त्यामागून दुसरा निरोप निघतो: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला, पिट्युटरीकडून किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना. मग कॉर्टिसॉल वाढतं. लाळेत त्याचा कळस दिसायला वीस-तीस मिनिटं लागतात. साखर रक्तात सोडायची, अंगाला लढायला किंवा पळायला तयार ठेवायचं, हे त्याचं काम. काम झालं की मेंदू स्वतःच त्याला आवर घालतो.

इथपर्यंत मला येतं. पुढचं येत नाही. गावात आमच्यासारखीच घरं आहेत. तेवढंच कर्ज, तसाच कापूस भावाची वाट पाहत घरात पडलेला. पण सगळेच उभारी उचलत नाहीत. आणि गावात असाही एक जण आहे ज्याला कसली ददात नाही, तरी तो शांतपणे माणसं मारतो. बाबा आणि तो, दोघांच्या रक्तात त्या वेळी एकच गोष्ट चालू असते का? ताण आणि स्वभाव यांत कोणाचा हात वरचा?

अमरावतीची_समुपदेशक | शुक्रवार, रात्री ११.४५

दादा, बरं झालं लिहिलंत. तुमच्या शेवटच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे.

आक्रमकता ही एक गोष्ट नाही. केनेथ डॉज आणि जॉन कोई यांनी १९८७ मध्ये लहान मुलांचा अभ्यास करताना तिचे दोन प्रकार वेगळे काढले. एक उसळणारी: कुणीतरी डिवचलं, धोका वाटला आणि हात उठला. दुसरी हिशेबी: काहीतरी मिळवायचंय, दहशत बसवायचीय, म्हणून ठरवून मारणं. तुमचे बाबा पहिल्या जातीचे, गावातला तो माणूस दुसऱ्या. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण शरीर मात्र दोन्हींत सारखं वागत नाही.

उसळणाऱ्या रागात ताणाची सगळी यंत्रणा पेटलेली असते. लायडन विद्यापीठात मेन्नो क्रुक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेलं काम २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदराच्या मेंदूतला हल्ल्याचा भाग चेतवला की त्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन (उंदराचं कॉर्टिसॉल समजा) झपाट्यानं वाढलं, समोर दुसरा उंदीर नसतानाही. उलट बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं तर हल्ला सहज सुरू झाला. म्हणजे राग हार्मोन वाढवतो आणि हार्मोन रागाला वाट मोकळी करून देतो. एकदा हे चक्र फिरलं की मधे थांबणं किती अवघड, ते यावरून कळतं. तुमच्या आईचं वाक्य मला त्यामुळे अजिबात अतिशयोक्तीचं वाटत नाही.

हिशेबी माणसात गोष्ट उलटी असू शकते. कीथ मॅकबर्नेट आणि सहकाऱ्यांनी २००० साली ७ ते १२ वर्षांच्या ३८ मुलांचा अभ्यास छापला. वर्तनाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात पाठवलेली मुलं होती ती. लाळेचे नमुने दोनदा घेतले, त्यात ज्यांचं कॉर्टिसॉल दोन्ही वेळा कमी आलं, त्यांच्यात आक्रमकतेची लक्षणं इतरांच्या तिप्पट होती, आणि सोबतची मुलंही सगळ्यात मारकुटा म्हणून त्यांचंच नाव घेत होती. भीतीची घंटाच हळू वाजते. शिक्षेची धास्ती नाही, समोरच्याच्या रडण्यानं पोटात कालवत नाही.

स्वभावाचं म्हणाल तर मानसशास्त्रात पाच मोठे पैलू धरतात. त्यातले दोन इथं महत्त्वाचे. समोरच्याशी जुळवून घ्यायची वृत्ती कमी असेल तर आक्रमकता जास्त दिसते, हिशेबी आणि उसळणारी दोन्ही. आणि मन लवकर अस्वस्थ होणारं, काळजीखोर, लागट असेल तर विशेषतः उसळणारी. बाबा काळजीखोर आहेत का हो? सगळं मनात ठेवणारे?

काळी_माती | शनिवार, सकाळी ७.१०

ताई, अगदी. बोलत नाहीत काही. सोसायटीचं कर्ज थकलं तेव्हा आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, तेही बाहेरून.

बैलजोडी | शनिवार, सकाळी ८.३०

मी काही शिकेल नाही भाऊ, पन बैल जल्मभर पाह्यले. माह्या बापाजवय गवळाऊची जोडी होती, वर्ध्याकडून आनेल.

मारके बैल दोन परकारचे असतेत. एक बुजारा. त्याचे डोये पाहा, पांढरे दिसतेत. कानं माघं. तो भेते म्हनून मारते. त्याच्या अंगावर एकदम गेलं, मांगून हात लावला, का तो शिंग फिरवते. असा बैल तुमी बोलत बोलत समोरून गेले, पाठीवर हात फिरवला, चार दिवस सारखा एकाच मानसानं चारा टाकला, तं निवते. दुसरा खरा मारका. तो भेत नाही. तो तुमाले पाह्यते, मान खाली घालते, आन आरामात येते. त्याले लाड करून काही होत नाही. त्याले येसन पक्की पाह्यजे आन दोन मानसं पाह्यजेत.

बुजाऱ्याले मारकं समजून झोडपलं तं तो जल्माचा बिघडते. असे कितीक बैल बाजारात वाया गेलेले पाह्यले म्या. तुह्ये बाबा मले बुजारे वाटते. त्याहिले आता कोनी झोडपू नका, बोलण्यानंही नाही.

अमरावतीची_समुपदेशक | शनिवार, सकाळी ९.०५

काका, पुस्तकातली दोन पानं तुम्ही कोठ्यात उभं राहून सांगितलीत. नमस्कार घ्या.

आर्वीची_लेक | शनिवार, दुपारी १.१५

मला एक स्पष्ट बोलायचं आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

मी गावात आरोग्याचं काम करते. संध्याकाळी ज्या बायांच्या पाठी मी पाहते, त्यांचे नवरे दिवसभर कोणासमोर हात जोडून उभे असतात तेही पाहते. कृषी केंद्रवाल्यानं उधारीवरून चार माणसांत अपमान केला, तिथे हा माणूस मान खाली घालून उभा. बँकेत साहेबानं तीन चकरा मारायला लावल्या, तिथेही तोंडातून शब्द नाही. तिथं याचं कॉर्टिसॉल वाढत नाही का? वाढत असणारच. मग तिथे हात का उठत नाही? घरी आल्यावर, भाजीत मीठ कमी आहे म्हणून, बायकोवरच कसा उठतो?

म्हणून हार्मोन, स्वभाव, बुजरा बैल हे सगळं ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो. उद्या हेच शब्द मारणाऱ्याच्या तोंडात येतील: "मी काय करू, अंगातच तसं होतं." मार खाणारीनं ते समजून घ्यायचं आणि गप बसायचं. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लागतो, हे सांगायला मी दारोदार फिरते. त्या बायांना आम्ही आता हार्मोन सांगायचे का?

काळी_माती | शनिवार, रात्री ९.३०

ताई, लागलं. आणि लागायलाच पाहिजे होतं. दुपारपासून तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. बाबांनी ट्रॅक्टरवाल्यावर उभारी उचलली नाही, तो तिशीतला धिप्पाड गडी आहे. काकांवर उचलली. काका धाकटे आहेत, आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. का लिहिलं नाही, तेही मला आता कळतंय.

अमरावतीची_समुपदेशक | शनिवार, रात्री १०.५०

आर्वीताईंचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मी मानते, आणि विज्ञान त्यांच्याच बाजूचं आहे.

ताणाचं हार्मोन अंगाला तयार करतं. कोणावर हात टाकायचा हे ते ठरवत नाही. ते आपण लहानपणापासून शिकतो: कोण उलटून मारेल, कोणाला मारलं तर गाव काही म्हणणार नाही. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियात वर्षानुवर्षं बबून वानरांच्या टोळ्या पाहिल्या, त्यांच्या रक्तातली हार्मोनं मोजली. वरच्या नराकडून मार खाल्लेला नर आपल्याहून खालच्याला चावतो, तो खालचा मादीला किंवा पिल्लाला. आणि जिथं उतरंड पक्की असते तिथं खालच्या नरांमध्ये ताणाचं हार्मोन जास्त सापडतं.

पण त्यांच्याच एका टोळीची गोष्ट ऐका. १९८० च्या दशकात त्या टोळीतले सगळ्यात भांडखोर नर शेजारच्या पर्यटक लॉजच्या उकिरड्यावर खायला जायचे. तिथल्या मांसातून त्यांना क्षयाची लागण झाली आणि ते मेले. उरले ते निवांत नर आणि माद्या. टोळीचं वागणंच बदललं. खालच्यांना छळणं कमी झालं, एकमेकांचं अंग साफ करत बसणं वाढलं. पुढं कित्येक वर्षांनी बाहेरून आलेले नवे तरुण नरही तीच रीत शिकले, आणि खालच्या नरांमध्ये ताणाच्या खुणाही दिसेनाशा झाल्या. २००४ मध्ये हे छापून आलं. रक्त तेच, जात तीच, पण टोळीत काय चालवून घेतलं जातं ते बदललं.

तेव्हा आर्वीताई, त्या बायांना हार्मोन सांगू नका. त्यांना १८१ च सांगा. हार्मोन सांगायचे ते मारणाऱ्याला, आणि सोबत हेही की कृषी केंद्रात तुझा हात थांबतो, म्हणजे तुला थांबवता येतो.

आर्वीची_लेक | शनिवार, रात्री ११.२०

हे शेवटचं वाक्य मी उद्यापासून वापरणार.

पुसदवाला | रविवार, सकाळी ६.५०

दादा, त्या दिवशी बाबा वावरात कुठून आले होते? म्हणजे रात्री घरी होते का?

काळी_माती | रविवार, सकाळी ७.४०

नाही. हरभऱ्यात होते. लाईन (वीज) रात्री बाराला येते, सकाळी आठला जाते. पाणीही द्यायचं आणि डुकरंही हाकलायची. आईला विचारलं, ती म्हणाली सलग अकरावी रात्र होती. भाऊ यवतमाळला शिकायला आणि मी इकडं, त्यामुळे जागलीला दुसरं कोणी नाही. सकाळी मोटार बंद करून परत येताना त्यांना धुरा दिसला.

पुसदवाला | रविवार, सकाळी ८.२५

मग मला यात फार गूढ काही दिसत नाही. मी स्वतः दोन हंगाम जागल केली आहे. पाचव्या-सहाव्या रात्रीनंतर माणूस माणसात राहत नाही. लेकरू रडलं तरी अंगावर काटा येतो. सकाळी बायकोनं चहाला उशीर केला तर डोळ्यापुढं अंधारी यायची. मी हात उचलला नाही, पण जवळ गेलो होतो, हे इथं कबूल करतो.

२००७ मधलं एक संशोधन वाचलेलं आठवतं. तरुण मुलांना सुमारे ३५ तास जागं ठेवलं आणि मग मेंदूच्या स्कॅनरमध्ये वाईट वाईट चित्रं दाखवली. भीती-रागाचा जो ॲमिग्डाला नावाचा भाग, तो झोपलेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त पेटला. आणि कपाळामागचा मेंदूचा भाग, जो त्याला लगाम घालतो, त्याच्याशी असलेला धागा सैल पडला. ही एका रात्रीची गोष्ट. आपल्याकडं अकरा.

आपण पिकाच्या नुकसानीचा पंचनामा मागतो, डुकरांच्या भरपाईचे अर्ज करतो. या झोपेचा पंचनामा कोण करणार? कृषीपंपाला दिवसा लाईन द्या ही मागणी माझ्या मते आरोग्याची मागणी आहे. घराघरातल्या भांडणांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

रानवाट | रविवार, सकाळी १०.००

तुरीवर फवारणी चालू होती का त्या दिवसांत? ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं विकर अडवतात. जास्त विषबाधा झाली तर माणूस दगावतो, २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले ते आपण पाहिलं. पण थोडी थोडी अंगात जात राहिली तर डोकेदुखी, झोप न लागणं, चिडचिड अशी लक्षणं येतात. मास्क, हातमोजे न घालता फवारतात का तेवढं विचारा. रक्तात कोलिनएस्टरेज मोजता येतं, तुम्ही लॅबवाले आहात, सांगायला नको.

काळी_माती | रविवार, दुपारी १२.३०

रुमाल बांधतात फक्त. ही तपासणी करून घेतो. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

चिखली_बुलडाणा | रविवार, दुपारी २.००

कॉर्टिसॉलही तपासून घ्या ना मग सोबतच. किती आहे ते कळेल तरी.

काळी_माती | रविवार, दुपारी ३.१५

भाऊ, त्याचा उपयोग नाही, हे मी रोज मशीनवर बसणारा माणूस सांगतो. ही टेस्ट ॲडिसन किंवा कुशिंगसारख्या ग्रंथींच्या आजारांसाठी डॉक्टर सांगतात. एका नमुन्यावरून माणूस रागीट आहे की शांत, हे कळत नाही. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप चढतं, दिवसभर उतरत जातं. सुईच्या भीतीनंही वाढतं. रात्री जागणाऱ्याचं वेळापत्रकच उलटंपालटं. संशोधक म्हणूनच दिवसातून अनेकदा लाळ घेतात, किंवा मुद्दाम ताण देऊन आधी-नंतर मोजतात. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये तशी एक पद्धत बसवली: गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या परीक्षकांपुढं पाच मिनिटं बोलायचं, मग मोठ्या आकड्यातून १३-१३ वजा करत जायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यानं बहुतेकांचं कॉर्टिसॉल चढतं. बँकेच्या टेबलापुढं उभ्या कास्तकाराचं काय होत असेल, ते मनात येतं.

अमरावतीची_समुपदेशक | रविवार, रात्री ८.४०

त्याला धरून एक सांगते. केनियातल्या शेतकऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आणि पाऊस यांचा संबंध २०१३ मध्ये तपासला गेला. पाऊस कमी पडला तिथं शेतकऱ्यांचं कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं. ज्यांचं पोट फक्त शेतीवर, त्यांच्यात जास्त. ज्यांना शेतीशिवाय दुसरंही उत्पन्न होतं, त्यांच्यात कमी. जे शेतकरीच नव्हते, त्यांच्यात हा परिणाम दिसलाच नाही. आपल्या कोरडवाहू पट्ट्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

टेस्टोस्टेरॉनवर (पुरुषी हार्मोनवर) ढकलणारेही भेटतात, म्हणून तेही आटपते. २०१० मध्ये मेहता आणि जोसेफ्स यांनी मांडलं की टेस्टोस्टेरॉनचा वरचढपणाशी संबंध कॉर्टिसॉल कमी असेल तेव्हाच दिसतो. कल्पना देखणी होती. पुढं बरेच अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर परिणाम अगदी बारीक निघाला. त्यावरून कोणाचा स्वभाव ठरवू नये.

आता बाबांचं. माझ्या मते त्यांना रागावरच्या व्याख्यानाची गरज नाही. झोप, आणि बोलायला एक माणूस. आमच्या जिल्ह्यात विश्राम नावाचा उपक्रम ३० गावांत चालला. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकरवी घरोघरी बोलणं, गरज असेल त्याला पुढं डॉक्टरकडं नेणं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपले लोक बोलत नाहीत हे खरं नाही. विचारायला दाराशी कोणी आलं तर बोलतात. तुम्ही लांब आहात तोवर १४४१६ हा टेलि मानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. जेवण तुटलंय म्हणालात, ते हलक्यात घेऊ नका. असा मनात ठेवणारा माणूस दुसऱ्यावर उसळला नाही तर स्वतःवर उलटतो. त्यांना एकटं वावरात राहू देऊ नका, आणि फवारणीची औषधं घरातून हलवून कुलुपात ठेवा. आजच सांगा आईला.

काळी_माती | रविवार, रात्री ९.०५

आत्ताच फोन केला. आईनं डबे शेजाऱ्यांच्या कोठ्यात नेऊन ठेवले. उद्या सकाळच्या गाडीनं निघतोय.

बैलजोडी | रविवार, रात्री ९.५०

जाय बापू. आन पोहोचला का लिहिजो.

काळी_माती | पुढचा शनिवार, रात्री १०.१०

मंडळी, गावातूनच लिहितोय, रेंज येते-जाते.

पहिले दोन दिवस बाबा फक्त झोपले. मी आणि भाऊ रात्री आळीपाळीनं हरभऱ्यात गेलो. तिसऱ्या रात्री मीच भावावर टॉर्चच्या सेलवरून ओरडलो आणि तिथल्या तिथं थांबलो, पुसदवाले दादा आठवले. बुधवारी बाबांना दारव्ह्याला दवाखान्यात नेलं. कोलिनएस्टरेज कमी आलं आहे, फार नाही. महिनाभर फवारणी बंद सांगितली. डॉक्टरांनी झोप आणि मनाबद्दलही विचारलं आणि बाबा चक्क बोलले. मी बाहेर बाकावर बसलो होतो, पाऊण तास दार उघडलं नाही.

मोजणीची फी भरली आहे, दोन्ही घरांच्या नावानं. पोलीस पाटील म्हणाले तारीख यायला वेळ लागेल, तोवर कोणीही धुऱ्याला हात लावायचा नाही. काका कबूल झाले.

आज सकाळी बाबा काकांकडं गेले. मी सोबत नको म्हणाले, पण मी पांदणीपर्यंत गेलो. उभारीबद्दल माफी मागणार आहेस का, असं मी आदल्या रात्री विचारलं होतं, त्यावर काही बोलले नव्हते. काकू दारात आल्या आणि आत वळल्या. बाबा ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. काका खांदा धरून बाहेर आले. बाबा म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याले मी काहीच बोललो नाही. तुलेच मारलं." एवढंच. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी काकूंना आवाज दिला, चहा मांड म्हणून.

चहा घेतला की नाही, ते मला पांदणीतून दिसलं नाही. बाबा अर्ध्या तासानं परत आले आणि थेट वावरात गेले. मी मागोमाग गेलो तर म्हणाले, "तू झोप जा, रातचा जागला हायेस."